आमदारांचं विधेयक गेलं कुठे? : वाचकांचे प्रश्न

मागच्या महिन्यात एका उत्तरात मी अशासकीय विधेयकांचा ओझरता उल्लेख केला आणि टपालात त्याच विषयाची पत्रं येऊन पडली. म्हणून यावेळचं सदर पूर्ण त्याच विषयाला देते आहे. विधानमंडळाच्या सचिवालयात माझी एकतीस वर्षं गेली. टंकलेखक म्हणून लागले, कक्ष अधिकारी म्हणून निवृत्त झाले. त्यातली बरीचशी वर्षं विधेयकांच्या टेबलावर होते, त्यामुळे हा विषय माझ्या हाताखालून गेलेला आहे.

प्रश्न : ताई, आमच्या आमदारांनी गेल्या अधिवेशनात पाच विधेयकं मांडली, असा फ्लेक्स चौकात लागला आहे. त्यातल्या एकाचाही कायदा झालेला नाही. मग ती मांडायची कशाला? लोकांच्या डोळ्यांत धूळ फेकायला का?
– एक शेतकरी, मोहोळ तालुका

तुमचा राग मला कळतो. पण घाई करू नका, आधी विधेयकाचा रस्ता बघू.

सभागृहात जो मंत्री नाही, तो प्रत्येक सदस्य अशासकीय सदस्य. सत्ताधारी बाकावरचा असो की विरोधी. त्याने मांडलेलं ते अशासकीय विधेयक. या कामकाजासाठी शुक्रवार राखलेला असतो. आधी सूचना द्यायची, सोबत मसुदा आणि 'उद्देश व कारणे यांचे निवेदन' जोडायचं. मग एका शुक्रवारी उभं राहून विधेयक मांडायची सभागृहाची परवानगी घ्यायची. याला आमच्याकडे पुरःस्थापना म्हणतात. तुमच्या चौकातल्या फ्लेक्सवरचं 'मांडलं' म्हणजे बहुधा एवढंच. विचार, चर्चा, खंडशः म्हणजे कलमवार मतदान, संमती हे सगळं त्याच्या पुढचं, आणि तिथवर फार थोडी विधेयकं पोचतात. नागपूरच्या हिवाळी अधिवेशनात यादीत ओळीने विधेयकं असायची आणि दुपार कलली की बाकं रिकामी व्हायला लागायची. सदस्यांना मतदारसंघात पोचायचं असायचं. मी गॅलरीच्या दाराशी फाईल घेऊन उभी असायचे तेव्हा जीव तुटायचा.

हे काही आपल्याच राज्याचं दुखणं नाही. संसदेत स्वातंत्र्यापासून आजवर फक्त १४ अशासकीय विधेयकांचे कायदे झाले आणि त्यातलं शेवटचं १९७० सालचं. २०१५ च्या एप्रिलमध्ये तिरुची शिवा यांचं तृतीयपंथीयांच्या हक्कांचं विधेयक राज्यसभेने मंजूर केलं, तेही लोकसभा ओलांडू शकलं नाही. सरकारने पुढे स्वतःचं विधेयक आणलं आणि २०१९ मध्ये कायदा केला.

आता तुमचा खरा प्रश्न, मांडायची कशाला? याचं उत्तर मी माझ्या आजीपासून देते.

आईची आई कोकणातल्या खेड तालुक्यातली. घर खोताचं कूळ. खोत म्हणजे गावाचा सारा गोळा करून सरकारात भरणारा वतनदार. शेत कसायचं घरच्यांनी, भात खोताच्या वाड्यावर. पिकाचा अर्धा वाटा अर्धेल म्हणून जायचा. वर पहिला फणस, पहिले आंबे, आणि वेठ. खोताचा नांगर आधी चालायचा, आपला मागून. त्याचं छप्पर शाकारून झालं की मग आपलं. आजी ऐंशीच्या घरात गेली तेव्हा जमीन कधीच नावावर झालेली होती. तरीही मळणी झाली की ती खळ्यात सुपाने भाताचे दोन ढीग करायची. क्षणभर त्यांच्याकडे बघत बसायची आणि मग दोन्ही हातांनी तो दुसरा ढीग पहिल्यात लोटायची. दरवर्षी. आम्ही पोरं विचारायचो, ती म्हणायची, "सवय गो."

ती खोती कायद्याने गेली, आणि त्या कायद्याची सुरुवात एका अशासकीय विधेयकाने झाली. १७ सप्टेंबर १९३७ रोजी मुंबई प्रांताच्या विधानसभेत, पुण्यातल्या अधिवेशनात, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी खोती रद्द करणारं विधेयक मांडलं. त्यांचा स्वतंत्र मजूर पक्ष विरोधी बाकावर होता, सरकार बाळासाहेब खेरांचं. विधेयकाचा गाभा साधा होता. सरकार आणि प्रत्यक्ष कसणारा यांच्या मधला खोत काढायचा, त्याला वाजवी भरपाई द्यायची, आणि ज्याच्या ताब्यात जमीन आहे त्याला १८७९ च्या जमीन महसूल कायद्याखाली कब्जेदाराचा दर्जा द्यायचा. बघा, भरपाईची तरतूद त्यात होती. शत्रूचीही बाजू विचारात घेऊन मसुदा केला की तो हाणून पाडणं अवघड होतं. मसुदा लिहायला शिकणाऱ्या प्रत्येक पोराला मी हे सांगत आले.

ते विधेयक मंजूर झालं नाही. पण मांडलं गेल्यामुळे काय झालं ते पाहा. अलिबागजवळच्या चरी गावी कुळांनी नारायण नागू पाटलांच्या मागे उभं राहून १९३३ पासून जमिनी कसणंच थांबवलं होतं. घराघरांत चुली विझायची वेळ आली तरी माघार नव्हती. अशा लोकांची मागणी आता छापील कागदावर, क्रमांक घालून, सभागृहाच्या टेबलावर आली. १० जानेवारी १९३८ रोजी हजारो शेतकरी मुंबईत विधिमंडळावर चालून गेले, तेव्हा त्यांच्याकडे नुसती घोषणा नव्हती, विधेयक होतं. 'खोती रद्द करा' म्हणजे नेमकं काय करा, हे शब्दांत लिहून तयार होतं. पुढे स्वातंत्र्यानंतर, पुन्हा खेरांचंच सरकार असताना, १९४९ चा मुंबई खोती निर्मूलन कायदा आला. ज्यांच्या सरकारपुढे विधेयक पडून राहिलं होतं, त्यांच्याच सरकारला बारा वर्षांनी ते करावं लागलं.

महार वतनाचं तर याहून लांबलं. वतनी कामाच्या नावाखाली गावकीची आणि सरकारी अशी दोन्ही राबणूक, दिवस-रात्र नाही, आणि मोबदला म्हणजे जमिनीचा तुकडा आणि बलुतं, तेही गावाच्या मर्जीवर. १९२८ च्या मार्चमध्ये बाबासाहेबांनी मुंबईच्या कायदेकौन्सिलात १८७४ च्या वतन कायद्यात दुरुस्ती सुचवणारं विधेयक मांडलं. पुढच्या वर्षी त्यांना ते मागे घ्यावं लागलं. कनिष्ठ गाववतनं रद्द करणारा कायदा झाला १९५८ साली. म्हणजे तीस वर्षं. बाबासाहेब तो बघायला नव्हते.

म्हणून मंजूर झालं नाही एवढ्यावरून मी कुठल्याही विधेयकाला फुकट म्हणत नाही. पण फ्लेक्सवरची पाचही विधेयकं मोलाची असतील असंही नाही. पारख तुम्हीच करू शकता. आमदारांच्या कचेरीत जा आणि विधेयकांच्या प्रती मागा. ती छापील असतात, गुप्त काही नसतं. उद्देश व कारणांचं निवेदन वाचा. त्यात तुमच्या तालुक्याची अडचण ओळखू येते का? मग विचारा, चर्चेला आलं का? मंत्र्यांनी उत्तर काय दिलं? मागे घेतलं असेल तर कुठल्या आश्वासनावर?

या शेवटच्या प्रश्नावर थोडं थांबते. मी नोकरीत असताना कोरडवाहू तालुक्यातले एक वयस्कर आमदार आमच्याकडे मसुदा घेऊन आले. शाळेच्या वहीची पानं, निळ्या शाईत, स्वतःच्या हाताने लिहिलेली. विषय दुधाचा. संकलन केंद्रावर फॅट मोजायचं यंत्र ठरावीक मुदतीत तपासून सीलबंद करावं आणि ती तपासणी दूध घालणाऱ्यांच्या समक्ष व्हावी. मसुद्यासोबत रबर लावलेला चिठ्ठ्यांचा गठ्ठा. एकाच म्हशीचं दूध, एकाच दिवशी दोन केंद्रांवर घातलेलं, आणि फॅट वेगळं. दुधाचे डाग पडून त्या चिठ्ठ्या कडक झाल्या होत्या, नखाने सोडवाव्या लागल्या. सगळ्या त्यांनी तारखेप्रमाणे लावल्या होत्या.

त्यांचं विधेयक एका शुक्रवारी विचाराला आलं. सभागृहात मोजकी माणसं. ते वीसेक मिनिटं बोलले, त्या चिठ्ठ्या वाचून दाखवल्या. मंत्र्यांनी सरकार यात लक्ष घालेल असं सांगून विधेयक मागे घ्यायची विनंती केली आणि त्यांनी ते घेतलं. मला फार वाईट वाटलं होतं. दुसऱ्या दिवशी ते टेबलाशी आले आणि कार्यवाहीतल्या त्या आश्वासनाची प्रत मागितली, शब्दन् शब्द. मंत्र्यांनी सभागृहात दिलेलं आश्वासन हवेत जात नाही, त्याचा पाठपुरावा करायला आश्वासन समिती असते. पुढच्या अधिवेशनात त्यांनी त्याच वाक्यावर तारांकित प्रश्न टाकला, म्हणजे मंत्र्यांना सभागृहात तोंडी उत्तर द्यावं लागतं तो. विधेयक मागे घेतल्याचं दुःख करत बसण्यापेक्षा त्यांनी त्यातून मिळालेलं वाक्य घट्ट धरून ठेवलं. तुमच्या आमदारांनी असं काही धरून ठेवलं आहे का, ते विचारा.

प्रश्न : स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करतो. अधिवेशन संपलं की विधेयक रद्द होतं का? दोन पुस्तकांत दोन उत्तरं सापडली.
– एक विद्यार्थी, परभणी

नाही होत. राज्यघटनेचा अनुच्छेद १९६ उघड. सत्रसमाप्ती झाली म्हणून प्रलंबित विधेयक व्यपगत म्हणजे रद्दबातल होत नाही. विधानसभा विसर्जित झाली की मात्र विधानसभेत अडकलेलं, किंवा विधानसभेने मंजूर करून विधान परिषदेकडे गेलेलं विधेयक संपतं. परिषदेत सुरू झालेलं आणि विधानसभेने अजून मंजूर न केलेलं विधेयक विसर्जनानंतरही जिवंत राहतं. गोंधळ होतो तो या तिसऱ्या वाक्यावर. परिषद विसर्जित होत नाही हे लक्षात ठेव, म्हणजे पाठ करावं लागणार नाही. आणि पुस्तकांपेक्षा घटनेची मूळ प्रत जवळ बाळग, बाळा. स्वस्त मिळते.

प्रश्न : चवदार तळ्याच्या इतिहासात 'बोले ठराव' असा उल्लेख येतो. तो कायदा होता की विधेयक? आणि कायदा होता, तर सत्याग्रह का करावा लागला?
– एक शिक्षिका, महाड

तुमच्या गावातून हा प्रश्न यावा याचं मला फार समाधान वाटलं.

तो कायदाही नव्हता आणि विधेयकही. तो ठराव होता. ४ ऑगस्ट १९२३ रोजी सीताराम केशव बोले यांनी मांडलेला ठराव मुंबईच्या कायदेकौन्सिलाने मंजूर केला. सरकारी पैशातून बांधलेली किंवा चालवलेली पाणवठ्याची ठिकाणं, विहिरी, धर्मशाळा, तसंच सरकारी शाळा, कोर्टं, कचेऱ्या, दवाखाने अस्पृश्यांना खुले करावेत अशी ती शिफारस. सप्टेंबरमध्ये सरकारने खात्यांना तशा सूचना दिल्या. महाडच्या नगरपालिकेने १९२४ मध्ये तळं खुलं केल्याचा ठरावही केला. असे तीन कागद झाले आणि तळ्याच्या पायरीवर एकही माणूस उतरू शकला नाही.

विधेयकात आणि ठरावात हाच फरक. विधेयकाचा कायदा झाला तर तो पाळावाच लागतो, मोडणाऱ्याला शिक्षाही ठेवता येते. ठराव म्हणजे सभागृहाने सरकारला सांगितलेलं मत. बोल्यांना हे कळत होतं. म्हणून १९२६ च्या ऑगस्टमध्ये त्यांनी पुन्हा ठराव आणला की, जी नगरपालिका हे पाळणार नाही तिचं अनुदान बंद करा. पैशाला हात घातल्याशिवाय हलणार नाहीत, हे तीन वर्षांच्या अनुभवाने शिकलेला माणूस. तरी हललं नाही. मग २० मार्च १९२७ ला बाबासाहेब आणि त्यांच्याबरोबरची माणसं तळ्याकडे चालत गेली आणि ओंजळीने पाणी प्याली.

वर्गात शिकवताना बोल्यांना विसरू नका. सत्याग्रहींच्या हातात सभागृहाचा कागद होता, तो त्यांनी दिलेला.

प्रश्न : विधेयकांची मराठी इतकी अवघड का? 'नजीकनंतर', 'व्यपगत', 'पुरःस्थापित'. सामान्य माणसाला कळू नये म्हणून तर नाही ना?
– एक वाचक, डोंबिवली

कळू नये म्हणून नाही. एका शब्दाचे दोन अर्थ निघू नयेत म्हणून. 'पोटकलम दोनच्या नजीकनंतर' म्हणजे दोनला लागूनच, मध्ये दुसरं काही येऊ शकत नाही. नुसतं 'नंतर' म्हटलं तर ते सहाव्या पोटकलमानंतरही चालेल, आणि कोर्टात नेमकं तिथेच बोट ठेवतात.

तरीही तुमची तक्रार मला अर्धी मान्य आहे. कायद्याच्या अंगात काटेकोर भाषा हवी. पण उद्देश व कारणांचं निवेदन हे लोकांसाठी असतं, तिथे अशी भाषा वापरायचं काही कारण नाही. दूधवाल्या आमदारांच्या वहीतलं पहिलं वाक्य होतं, 'दूध घालणाऱ्याला यंत्रावर विश्वास ठेवण्यावाचून दुसरा इलाज नाही.' ते छापायला जाताना बदललं गेलं, त्याच्या जागी तीन ओळींचं एक वाक्य आलं. मी ते टंकलं. आज वाटतं, ते राहू द्या असं निदान एकदा म्हणायला हवं होतं.

प्रश्न : आमचा बावीस बायकांचा बचत गट आहे. बहुतेक जणी ऊसतोडीला जातात. तोडीवर असताना बाळंतपण आलं तर मुकादम रजा देत नाही, उलट खाडा धरून पैसे कापतो. यावर कायदा करा असं आमदारांना सांगायचं आहे. ते म्हणाले, तुम्ही लिहून आणा, मी विधेयक मांडतो. आता लिहायचं कसं?
– गटाच्या अध्यक्षा, बीड जिल्हा

बायांनो, तुमच्या आमदारांनी हे शब्द दिले असतील तर ते सोडू नका. आणि तुम्ही मागताय ते नवीन आहे असं कुणी म्हणालं तर त्याला १९२९ साल सांगा. मुंबईच्या गिरण्यांत बायका बाळंत व्हायच्या दिवसापर्यंत उभ्या असायच्या. १९२८ मध्ये आसवले यांनी कायदेकौन्सिलात बाळंतपणाच्या भत्त्याचं विधेयक आणलं. २८ जुलै १९२८ रोजी बाबासाहेबांनी त्याच्या बाजूने भाषण केलं. पुढच्या वर्षी मुंबई प्रांताचा कायदा झाला. अशा प्रकारचा तो देशातला पहिला. एका सदस्याने आणलेलं विधेयक वर्षभरात कायदा झालं, हे उदाहरण तुमच्या गाठीशी आहे.

आता लिहिण्याचं. कायद्याची भाषा तुम्ही लिहू नका, ते काम विधेयक शाखेचं आणि विधि व न्याय विभागाचं. तुम्ही फक्त घडलेलं लिहा. बावीस जणींपैकी किती जणी तोडीवर बाळंत झाल्या, कोणत्या महिन्यात, किती दिवसांनी पुन्हा कोयता हातात घेतला, किती खाडे धरले आणि किती पैसे कापले. उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, कोयत्यावर, म्हणजे नवराबायकोच्या जोडीवर घेतलेली असते, हे ठळक लिहा. मुंबईत बसून हे कुणाला सुचत नाही. बाईची मजुरी वेगळी लिहिलेलीच नसते, मग तिची रजा कशातून काढणार? तुमच्या विधेयकाचं सगळ्यात महत्त्वाचं कलम बहुधा हेच असेल : करारात बाईचं नाव आणि तिची मजुरी वेगळी लिहिली पाहिजे.

एक अडचण आधीच सांगून ठेवते. बाळंतपणाचे पैसे सरकारने द्यावेत असं लिहिलंत, तर राज्याच्या तिजोरीवर खर्च पडतो. अनुच्छेद २०७ प्रमाणे असं विधेयक राज्यपालांच्या शिफारशीशिवाय मंजूर होऊ शकत नाही आणि ती शिफारस मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने होते. म्हणजे किल्ली सरकारच्याच हातात. म्हणून दोन भाग करा. पहिल्यात करार, रजा, खाडा न धरणं, यात तिजोरीचा पैसा लागत नाही. दुसऱ्यात भत्ता, तो ठरावाने किंवा लक्षवेधीने, म्हणजे मंत्र्यांचं लक्ष वेधणाऱ्या सूचनेने, मागा. कामगार हा विषय समवर्ती सूचीत, म्हणजे केंद्र आणि राज्य दोघांच्या यादीत आहे, तेव्हा राज्याला कायदा करता येतो. केंद्राचे कायदे कुठे आड येतात का, ते विधि विभागाकडून आमदारांनी आधीच तपासून घ्यावं.

ऑक्टोबरात तोडीला निघायच्या आधी कागद माझ्याकडे पाठवा, मी वाचून परत पाठवेन. पानाच्या एकाच बाजूला लिहा आणि डावीकडे चार बोटं समास सोडा, म्हणजे मला तिथे लिहिता येईल. ज्यांना लिहिता येत नाही त्यांचं दुसरीने लिहून घ्यावं, पण त्यांच्याच बोलीत, त्या सांगतील तसं. एकही शब्द सुधारू नका.